रानपिंगळा: लेबलावरच्या पत्त्याची गोष्ट

२०१८मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत रानपिंगळा हे छोटं घुबड ‘अतिसंकटग्रस्त’ गटातून ‘संकटग्रस्त’ गटात आलं. बातमी वाचून अनेकांना वाटलं, पक्षी वाढले. तसं काही झालेलं नाही. जगातल्या प्रौढ रानपिंगळ्यांचा अंदाज तेव्हाही हजाराच्या आतच होता. वाढली ती आपली माहिती. हा पक्षी नेमका कुठे राहतो हे कळायलाच सव्वाशे वर्षं गेली, आणि त्यातली बरीच वर्षं एका माणसाच्या लबाडीने खाल्ली.

सुरुवात १८७२ची. एफ. आर. ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडमधल्या बसना भागात, फुलझरजवळ, एक छोटं घुबड मारलं. नमुना गेला अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूमकडे. शाळेच्या इतिहासात काँग्रेसच्या स्थापनेशी भेटतो तोच हा ह्यूम; पक्षी गोळा करणं हे त्याचं दुसरं, बहुधा जास्त आवडीचं काम. १८७३मध्ये त्याने या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि ब्लेविटचं नाव त्याला दिलं. १८७७मध्ये व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाला आजच्या ओडिशातल्या खरियारजवळ दुसरा मिळाला. त्यानंतरचे नमुने आले खानदेशातून. मुलकी सेवेतला जेम्स डेव्हिडसन हा अधिकारी १८८०च्या सुमारास तिथे नेमणुकीवर होता. खानदेश तेव्हा एकच जिल्हा. शहादा-तळोद्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी, त्याने हे पक्षी टिपले आणि प्रत्येकाच्या पायाला ठिकाण-तारखेचं लेबल बांधलं. १८८४नंतर मात्र काहीच नाही.

किंवा तसं वाटायला नको, अशी सोय एका लेबलाने करून ठेवली होती. ब्रिटिश म्युझियममधल्या एका नमुन्यावर लिहिलं होतं: मांडवी, तापीकाठ, ऑक्टोबर १९१४. म्हणजे पक्षी विसाव्या शतकात गुजरातमध्ये होता. लेबल होतं कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांचं. लष्करी अधिकारी, हेरगिरीच्या किश्शांचे नायक आणि पक्षिशास्त्रातलं वजनदार नाव. वीस हजारांच्या आसपास नमुन्यांचा त्यांचा संग्रह म्युझियमला मिळाला होता. एवढ्या मोठ्या माणसाच्या लेबलावर कोण शंका घेणार? सलीम अली आणि अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांनी १९७०च्या दशकात रानपिंगळ्याचा शोध घेतला, हाती काही लागलं नाही. मधल्या काळात ‘रानपिंगळा’ म्हणून पुढे आलेले फोटो साध्या, ठिपकेवाल्या पिंगळ्याचे निघाले. पक्षी नामशेष झाला असावा, असंच बहुतेकांनी धरलं.

संशय आधी दुसरीकडून आला. माइनर्ट्झहागेन यांच्या रेडपोल या चिमणीएवढ्या पक्ष्यांच्या नमुन्यांत घोळ असल्याचं अ‍ॅलन नॉक्स यांनी १९९३मध्ये दाखवून दिलं. दक्षिण आशियातल्या पक्ष्यांवरील ग्रंथासाठी संग्रहालयं पालथी घालणाऱ्या पामेला रासमुसेन यांनी मग हा धागा धरला, सोबत नायजेल कॉलर होते. रानपिंगळ्याचे जगात सातच नमुने होते. ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले, मांडवीच्या नमुन्याचा एक्स-रे काढला.

इथे थोडं थांबायला हवं, कारण कातडी भरणं ही हस्ताक्षरासारखी गोष्ट असते. पक्षी सोलून, आत कापूस घालून, टाके घालताना प्रत्येकाची एक सवय पडते: कापूस किती आणि कसा दाबायचा, सांध्यांपाशी काय करायचं, टाका कुठे घ्यायचा. मांडवीचा नमुना वरून नव्याने भरलेला दिसत होता, पण आतल्या जुन्या खुणा डेव्हिडसनच्या हाताच्या होत्या. भरणातल्या धाग्यांची तपासणी अमेरिकेत एफबीआयकडून करून घेतली, तिनेही तेच सांगितलं. डेव्हिडसनचाच एक नमुना म्युझियममधून चोरून, पुन्हा भरून, त्याला नवं लेबल लावलं होतं. हे सगळं १९९९मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

चोरी तर वाईटच, पण माझ्या मते त्याहून वाईट म्हणजे खोटा पत्ता. संग्रहालयातून एक नमुना कमी झाला तर नोंदवहीत एक ओळ कमी होते. खोट्या ठिकाणाची नोंद मात्र नकाशावर जाते, पुस्तकांत उतरते आणि शोधणाऱ्यांना भलत्याच जंगलात पाठवते. मांडवी बाद झाल्यावर उरली ती एकोणिसाव्या शतकातली खरी ठिकाणं, आणि रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट नोव्हेंबर १९९७मध्ये तिथेच निघाले. आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणं पाहिली, काही मिळालं नाही. मग शहादा. २५ नोव्हेंबरच्या सकाळी किंग यांना एक पिंगळा दिसला, ज्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नव्हतेच. ११३ वर्षांनी, डेव्हिडसनने लिहून ठेवलेल्या मुलखातच.

साधा पिंगळा गावागावात असतो, त्यामुळे फरक सांगायला हवा. रानपिंगळ्याचं डोकं राखट तपकिरी, ठिपके अगदी पुसट, छातीवर गडद तपकिरी पट्टा आणि खाली पोट पांढरं, चोच मोठी, शेपटीवर ठळक पट्टे, आणि पायाची बोटंसुद्धा पांढऱ्या पिसांनी झाकलेली. घुबड म्हटल्यावर रात्र आठवते, पण हा गडी दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर, उन्हात बसतो, शेपटी झटके देत हलवतो आणि खाली पाचोळ्यात सरडा-सापसुरळी दिसली की झेपावतो. जुन्या लोकांनी घनदाट जंगलातला पक्षी अशी कल्पना केली होती. प्रत्यक्षात तो निघाला विरळ, पानगळीच्या सागवानी जंगलातला.

हे कळलं ते नंतरच्या कामामुळे. १९९८पासून बीएनएचएसतर्फे (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी चौदा जंगलं तपासली. चार ठिकाणी मिळून २५ पक्षी सापडले, तोरणमाळ-तळोद्याकडचे, मेळघाटातले आणि मध्य प्रदेशाच्या नैऋत्य कोपऱ्यातले. हाक, ढोलीतलं घरटं, पिल्लांचं खाणं अशा मूलभूत गोष्टी पहिल्यांदा नोंदल्या गेल्या. पालक पक्ष्याने आपलीच पिल्लं खाल्ल्याची नोंदही त्यातच आहे. पुढे गिरीश जठार यांनी रहमानींबरोबर अधिवासाचा अभ्यास केला. पुण्याच्या वाइल्डलाइफ रिसर्च अँड कन्झर्वेशन सोसायटीच्या प्राची मेहता, जयंत कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी मध्य भारतात सर्वेक्षण करून नकाशा आणखी भरला.

सगळ्यात मोठा धक्का २०१४चा. तानसा अभयारण्यात रानपिंगळा दिसला! मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावाच्या जंगलात, जिथे पक्षिनिरीक्षक वर्षानुवर्षं जात होते. सातपुड्यापुरता मानलेला पक्षी पश्चिम घाटाच्या कुशीत कसा, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनाच पडला. गंमत अशी की गुजरातच्या डांगमधल्या पूर्णा अभयारण्यातूनही याच सुमारास नोंदी आल्या. म्हणजे दक्षिण गुजरातेत पक्षी होताच. माइनर्ट्झहागेन यांचं लेबल त्यामुळे खरं ठरत नाही, तो नमुना खानदेशाचाच.

वर्गीकरणाचा वादही असाच लांबला. ह्यूमने या पक्ष्याला स्वतंत्र प्रजातीकुल (जीनस) दिलं होतं, नंतरच्यांनी साध्या पिंगळ्याच्या प्रजातीकुलात घातलं, मग पुन्हा वेगळं काढलं. २०१८च्या जनुकीय अभ्यासाने तो साध्या पिंगळ्याच्याच प्रजातीकुलात बसतो असं दाखवलं.

उरतो जंगलाचा प्रश्न. मेळघाट व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे संरक्षण आहे. शहादा-तळोद्याचं जंगल मात्र कुठल्याही अभयारण्यात नाही. १९९०च्या सुमारास तळोद्याच्या वनजमिनीचा मोठा तुकडा सरदार सरोवराच्या विस्थापितांसाठी दिला गेला, उरलेल्यात शेती, चराई आणि लाकूडतोड चालू असते. अतिक्रमण म्हणून आदिवासींकडे बोट दाखवणं सोपं आहे. ज्यांची गावं धरणात गेली त्यांना जमीन कुठून द्यायची याचं उत्तर शासनाने जंगलातूनच काढलं होतं. ढोली असलेला जुना साग एकदा तुटला की तशी ढोली पुन्हा व्हायला कित्येक दशकं जातात, आणि रानपिंगळा स्वतः ढोली कोरत नाही.