दशावताराचे प्रत्यक्ष रेखाटन

दशावतारी नाटक (मालवणीत धयकालो) चालू असताना किंवा त्याआधी रंगपटात (नटांच्या रंगभूषेच्या जागेत) बसून केलेले नटांचे जलद रेखाटन. दक्षिण कोकणात कार्तिकापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत जत्रा असतात. देवाची पालखी फिरून आली की खेळ उभा राहतो, तो पहाटेपर्यंत चालतो.

बॅलेत एकच हालचाल दांडीला धरून रोज घोटली जाते. फ्रेंच चित्रकार एद्गार दगा (१८३४–१९१७) याच्या नर्तकींच्या चित्रांत तालमीची खोली म्हणूनच वारंवार येते. पक्की चित्रे मात्र तो स्टुडिओत करी. दशावताराला लिखित संहिता नाही. आख्यान रंगपटात ठरते, संवाद उभ्या उभ्या सुचतात. तालीमच नाही, तेव्हा पुनरावृत्ती खेळातच शोधायची, आणि ती पखवाजाच्या बोलांत सापडते. युद्धनृत्यात गिरकी, वार आणि पवित्रा त्याच क्रमाने फिरून येतात. पहिल्या फेरीत नुसते पाहावे, दुसरीत डोक्यापासून भार पेलणाऱ्या पायापर्यंत एकच रेघ ओढावी, तिसरीत खांदे नि कंबर बसवावी. एका कागदावर ४-५ आकृत्या अर्धवट ठेवून, जी मुद्रा परत येईल ती पुढे न्यावी. मानेच्या खळगीतून सोडलेला मनातला ओळंबा भार पेलणाऱ्या पायावर पडला नाही, तर राजा कलंडलेला दिसतो.

सर्वांत जास्त घोटाळा मुकुट करतो. तो डोक्याच्या उंचीत धरून माप घेतले की धड आखूड होते. म्हणून हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत मोजावे आणि मुकुट शेवटी चढवावा. दागिने मोजत बसणाऱ्याच्या हातून नाच निसटतो. नवशिक्याने आडदशावतारातल्या (मुख्य आख्यानाआधीच्या भागातल्या) संकासुरापासून सुरुवात करावी: काळा वेश, लोंबती लाल जीभ, नुसत्या छायेतही ओळखू येतो.

रंगपटात काम निवांत चालते. नट स्वतःच रंग लावतात आणि आरशापुढे बराच वेळ एकाच बैठकीत असतात. स्त्रीपार्टी करणारा पुरुष लुगडे नेसताना निऱ्या कुठून सुटतात, हे इथे पाहिलेले रंगमंचावर कामी येते. परवानगी आधी घ्यावी, पोशाखांच्या पेटाऱ्याला पाय लागू देऊ नये.

बसायला वादकांच्या बाजूची कड बरी, पण अगदी पुढे खाली बसल्यास पाय थोराड आणि डोकी लहान येतात. वही तळहाताच्या दुप्पट पुरे; ४बी ते ६बी अशी मऊ पेन्सिल घ्यावी. कोळसा टाळावा, घामेजल्या हाताने फासतो. मध्यरात्रीनंतर दंव पडून कागद मऊ होतो, शाई पसरते. जलरंग तर वाळतच नाही. पाठीला पुठ्ठा आणि वर प्लॅस्टिक ठेवावे.

रंग लावू नयेत, शब्दांत टिपावेत. खेळाच्या शेवटी होणाऱ्या दहीकाल्याच्या सुमारास उजाडू लागते, तेव्हा पोशाख पेटाऱ्यात जाण्याआधी ती टिपणे पडताळून घ्यावीत: निळ्या दिव्याखाली काळा वाटलेला शेला तांबडा निघतो.