एका खड्यात दोन रंग: ॲमेट्रीन घ्यायचा तर मोठाच

ॲमेट्रीनचा दोन कॅरटचा खडा घेण्यात फारसा अर्थ नाही. एरवी रत्नांच्या बाबतीत ‘लहान पण निर्दोष घ्या’ हा सल्ला बरोबर असतो. इथे तो उलटतो. एका बाजूला जांभळा, दुसऱ्या बाजूला मधासारखा पिवळा आणि मध्ये सुरीने कापल्यासारखी सीमा, एवढंच या खड्याचं वैभव. त्याला जागा लागते. लहान खड्यात आत शिरलेला प्रकाश दोन्ही रंगांतून फिरून बाहेर पडतो, रंग मिसळतात आणि वरून मळकट गुलाबी-तपकिरी छटा दिसते. साधारण पाच कॅरटच्या पुढे रंग वेगळे दिसू लागतात. दहा ते वीस कॅरटच्या खड्यात ते खरे खुलतात.

मुळात ही गारगोटीच, म्हणजे क्वार्ट्झ. जांभळा भाग ॲमेथिस्ट, आपल्या बाजारातला जमुनिया. पिवळा भाग सिट्रीन, म्हणजे सुनहला. दोन्ही रंगांमागे लोहच आहे, तेही अत्यल्प. मग एकाच स्फटिकात दोन रंग का? क्वार्ट्झच्या टोकावरचे सहा तिरपे पृष्ठभाग दिसायला सारखे असले, तरी अणूंच्या मांडणीनुसार ते तीन-तीनच्या दोन गटांत मोडतात. स्फटिक वाढत असताना या दोन गटांखाली लोह वेगवेगळ्या प्रमाणात आणि वेगवेगळ्या रीतीने अडकतं. पिवळ्या भागात ते जास्त असतं. पुढे आसपासच्या खडकांतल्या नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे एका गटातल्या लोहाची विद्युत-अवस्था बदलते आणि तो भाग जांभळा होतो. दुसरा गट पिवळाच राहतो. असा स्फटिक आडवा कापला, की केकच्या तुकड्यांसारखे सहा त्रिकोणी भाग दिसतात: जांभळा, पिवळा, जांभळा, पिवळा.

बाजारातला नैसर्गिक ॲमेट्रीन जवळजवळ सगळा एकाच खाणीतून येतो. पूर्व बोलिव्हियात, सांताक्रूझ प्रांतात, ब्राझीलच्या सीमेलगतच्या पाणथळ प्रदेशात ही अनाही खाण आहे. आयोरेओ जमातीच्या अनाही नावाच्या राजकन्येशी लग्न करणाऱ्या स्पॅनिश सरदाराला ती हुंड्यात मिळाली, अशी दंतकथा व्यापारी आवडीने सांगतात. खड्याबरोबर गोष्टही विकली जाते, एवढंच. अधिकृत व्यापार सुरू झाला 1990 च्या सुमारास. त्याआधी हा माल चोरट्या मार्गाने बाहेर पडून ब्राझीलचा म्हणून खपत असे. महाराष्ट्रातही जालना भागात बेसाल्टच्या पोकळ्यांत जमुनिया सापडतो, पण तो दुरंगी नसतो.

खाणीतून आलेल्या तुकड्याचं नशीब पैलू पाडणाऱ्याच्या हातात असतं. तुकडा पाण्यात धरून तो आधी सीमेची पातळी शोधतो. ही पातळी खड्याच्या वरच्या सपाट पैलूशी काटकोनात आली पाहिजे. ती तिरपी गेली, तर जांभळ्याखाली पिवळा सरकतो आणि ती बाजू गढूळ दिसते. सीमा बरोबर मध्यावर आणायची, तर बराच कच्चा माल घासून टाकावा लागतो. जे कारागीर वजन वाचवतात, त्यांचा खडा सत्तर-तीस होतो. लांबट चौकोनी, पायऱ्यांसारख्या पैलूंचा घाट इथे सर्वांत योग्य, कारण त्यात रंग आपापल्या टोकाला बऱ्यापैकी टिकतात. गोल, बारीक पैलूंचा घाट रंग ढवळून टाकतो. जर्मनीतलं इडार-ओबरश्टाइन हे पैलू पाडण्याच्या कामासाठी प्रसिद्ध गाव. तिथल्या परंपरेतले रत्नकारागीर बेर्न्ड मुनश्टाइनर यांनी रूढ केलेल्या मुक्त शैलीच्या घाटात मात्र हे मिसळणं मुद्दाम केलेलं असतं. ती वेगळी मजा आहे.

दुसरी अडचण कोनाची. क्वार्ट्झचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो याचं माप, सुमारे 1.54, म्हणून त्याचा क्रांतिक कोन, म्हणजे ज्याच्या पुढे प्रकाश बाहेर न पडता आतच परततो तो कोन, सुमारे 40.4 अंश. खालचे पैलू यापेक्षा उथळ पाडले, की प्रकाश परत न येता खालून निसटतो आणि खड्याच्या मधोमध काचेच्या खिडकीसारखा फिका डाग पडतो. म्हणून हे पैलू 42-43 अंशांवर ठेवतात, आणि साहजिकच खडा खोल होतो. छापील मजकुरावर खडा पालथा न करता धरून पाहा. मधून अक्षरं स्पष्ट वाचता आली, तर घाट फसला आहे.

18 × 13 मिलीमीटरचा, 9 मिलीमीटर खोल खडा साधारण 14-15 कॅरट भरतो, म्हणजे फक्त तीन ग्रॅम. अंगठीत तो बोटभर रुंद होतो, वर उंच उभा राहतो आणि दाराच्या कडीला आपटतो. त्याची जागा लॉकेटमध्ये. मोजच्या एक ते दहाच्या मापात कडकपणा 7 आहे खरा, पण घरातल्या धुळीतही क्वार्ट्झचे कण असतात, त्यामुळे रोजच्या वापरात पैलूंच्या कडा बोथट होतात. टोकदार कोपरे टवका उडून जातात, म्हणून कापलेले कोपरे बघून घ्या. कोंदण मागून उघडं हवं. बंद कोंदणात प्रकाश अडतो आणि साबणाचा थर साचतो. पिवळ्या सोन्यात पिवळी बाजू हरवते, असं आमचं मत. चांदी किंवा पांढरं सोनं दोन्ही रंगांना न्याय देतं.

सोनाराला एक गोष्ट बजावून सांगा: डाख लावताना खडा काढून ठेवायचा. 400-500 अंश सेल्सिअसला ॲमेथिस्टचा जांभळा रंग जातो, बहुतेकदा पिवळा होतो. म्हणजे दुरंगी खडा एकरंगी. शिवाय अचानक तापल्याने तडा जातो तो वेगळाच. वाफेने साफ करणंही टाळा. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. कडक उन्हात महिनोन्‌महिने ठेवल्यास जांभळा फिकट होतो.

फसवणुकीचे प्रकार तीन. काच: दहापट भिंगातून बुडबुडे दिसतात. चिकटवलेली जोडी: पाण्यात बुडवून कडेने पाहिलं की सांधा उघडा पडतो. तिसरा प्रकार अवघड, तो म्हणजे 1990 च्या दशकापासून रशियात प्रयोगशाळेत वाढवलेला ॲमेट्रीन. रसायन तेच, अपवर्तनांक तोच, नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. महाग खडा असेल तर मुंबईच्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा. वजन रत्तीत सांगितलं, तर कॅरट किंवा ग्रॅममध्ये लिहून घ्या, कारण सगळ्यांची रत्ती सारखी नसते. आणि खडा दिव्याखाली नको, दिवसाच्या उजेडात बघा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली पिवळी बाजू उगाच गडद वाटते.

माणिक किंवा पाचू आकाराने वाढला की दर कॅरटमागचा भाव झपाट्याने चढतो. क्वार्ट्झचे मोठे, स्वच्छ स्फटिक पुरेसे मिळत असल्याने इथे तसं होत नाही. त्यामुळे वीस कॅरटचा ॲमेट्रीन मध्यमवर्गीय खिशालाही झेपतो, आणि जास्तीचे पैसे मोजायचे ते नेटक्या सीमेसाठी आणि कुशल घाटासाठी.