धनावरचा भुजंग

धनावरचा भुजंग : पुरलेल्या द्रव्यावर वेटोळे घालून बसणारा नाग. मराठवाड्याच्या लोकसमजुतीत ड्रॅगनचा जवळचा भाऊबंद शोधायचा तर तो हाच.

गावाच्या मधोमध पांढऱ्या मातीची ढासळलेली गढी असते. तिच्या पोटात मोहरांचा हंडा आहे आणि त्यावर भुजंग आहे, असे शेजारची म्हातारी माणसे खालच्या आवाजात सांगतात. भुजंग फार जुना, इतका की त्याच्या अंगावर केस उगवलेत. (पडक्या भिंतींत उंदीर असतात, उंदरांमागे साप येतात, पण हे कारण सांगून कुणाचे समाधान होत नाही.) तो मुळात साप नव्हेच. मरताना ज्याचा जीव धनात अडकला, तो मालकच नागाच्या जन्माला येऊन राखण करतो. नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियाच्या) पुराणकथेतला फाफनिर नेमका असाच : सोन्यासाठी बापाचा जीव घेतो आणि त्याच सोन्यावर ड्रॅगन होऊन पडून राहतो. हे साम्य उसनवारीचे नसावे. लोभाला दोन्हीकडे सारखेच रूप सुचले.

युरोपातला ड्रॅगन बहुधा पंखांचा, आग ओकणारा. त्याचा दोन पायांचा प्रकार म्हणजे वायव्हर्न. चीनचा लुंग मात्र सहसा बिनपंखी, ढगांत राहून पाऊस पाडणारा. चिनी बौद्ध भाषांतरकारांनी संस्कृत ‘नाग’साठी ‘लुंग’ हाच शब्द योजला, कारण दोघेही पाण्याचे धनी. उलट ऋग्वेदातला वृत्र हा ‘अहि’, म्हणजे सर्प, पाणी अडवून बसतो आणि इंद्र त्याला मारून नद्या मोकळ्या करतो.

मराठवाड्यात नागाला मारायचे नसते. नागपंचमीच्या कहाणीत नांगराखाली नागिणीची पिले मरतात, ती सूडाने शेतकऱ्याचे घर संपवते. पण पाटावर नाग रेखून पुजणाऱ्या लेकीपुढे तिचा राग विरतो आणि मेलेली माणसे उठतात. म्हणून त्या दिवशी नांगर चालत नाही, चिरणे-कापणे बंद. अजिंठ्याच्या 19व्या लेण्याबाहेर सात फण्यांचा नागराजा राणीशेजारी निवांत बसला आहे, घरच्या कर्त्या माणसासारखा.

ड्रॅगनचे अक्राळविक्राळ रूप इथे मकराकडे गेले : सोंड हत्तीची, जबडा सुसरीचा, शेपूट माशाचे. वेरूळच्या 21व्या लेण्यात गंगा त्याच्यावर उभी आहे. जुन्या देवळांत गाभाऱ्यातले अभिषेकाचे पाणी कित्येकदा मकराच्याच तोंडातून बाहेर पडते.