बोटभर एसएसडी आणि खोक्यावरचा वेग

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कॉम्प्युटर दुकानात छोटी एसएसडी, म्हणजे लॅपटॉपमधली माहिती चिपवर साठवणारी ड्राइव्ह, मागितली की आधी खोक्यावरचा आकडा दाखवतात: सेकंदाला 5000 एमबी. आकडा खोटा नाही, पण तो पहिल्या काही सेकंदांपुरताच असतो.

एसएसडीत माहिती साठते ती सूक्ष्म पेशींत अडकवलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रूपात. टीएलसी प्रकारात एका पेशीत 3 बिट मावतात, म्हणजे विद्युतभाराच्या 8 वेगवेगळ्या पातळ्या. क्यूएलसीत 4 बिट, 16 पातळ्या. पातेल्यात पाणी आहे की नाही एवढंच ठरवायचं तर ते भस्सकन ओतता येतं. आठपैकी नेमक्या पाचव्या खुणेपर्यंत भरायचं तर बेताबेतानं ओतून दर वेळी बघावं लागतं. पेशीतही तसंच होतं: व्होल्टेजचा छोटा झटका, तपासणी, पुन्हा झटका. हा वेळ वाचवायला कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्हचा कारभार बघणारी चिप, मोकळ्या पेशींत आधी एकेकच बिट लिहितो आणि नंतर सवडीने तीन-तीन करून रचतो. ही झाली एसएलसी कॅश, म्हणजे तात्पुरती वेगवान जागा. टीएलसी ड्राइव्हवर 300 जीबी मोकळी असेल, तर अशी कॅश फार तर 100 जीबी. सेकंदाला 4 जीबीने ती 25 सेकंदांत भरते. पुढे वेग कोसळतो, आणि स्वस्त क्यूएलसीत तर कधीकधी साध्या हार्ड डिस्कच्याही खाली जातो. ड्राइव्ह भरत जाईल तशी ही कॅश आणखी आटते.

म्हणून कोऱ्या ड्राइव्हवर 1 जीबीची चाचणी घेण्यात अर्थ नाही. ड्राइव्ह 70-80 टक्के भरा, मग त्यातलंच 50 जीबीचं फोल्डर त्याच ड्राइव्हवर कॉपी करा आणि कॉपीच्या वेगाचा आलेख कुठे खाली येतो ते पाहा. पेन ड्राइव्हवरून कॉपी केलीत तर मोजला जाईल पेन ड्राइव्हचाच वेग.

2230 मापाच्या, म्हणजे 22 मिमी रुंद आणि 30 मिमी लांब पट्टीवर वेगळ्या डीरॅम चिपला (कुठे काय साठवलंय याची यादी हाताशी ठेवणारी वेगवान मेमरी) सहसा जागा नसते. अशी ड्राइव्ह लॅपटॉपच्या रॅमचा थोडा भाग उसना घेते. यूएसबी केसमध्ये घातली की ती सोयही जाते. पट्टी लहान म्हणून उष्णताही लवकर साठते. एप्रिल-मेच्या उकाड्यात मोठी कॉपी चालू असताना क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान बघत राहा. 80 अंशांच्या आसपास बहुतेक ड्राइव्ह स्वतःच वेग कमी करतात.

हलणारे भाग नाहीत म्हणून एसएसडी कधी बिघडतच नाही, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. दर लेखनागणिक पेशी झिजते, आणि झिजलेली ड्राइव्ह विजेविना कपाटात पडून राहिली तर भार हळूहळू गळतो. लग्नाचे व्हिडिओ अशा ड्राइव्हवर ठेवून विसरू नका, दुसरी प्रत हवीच.

घेण्याआधी लॅपटॉपचा स्लॉट एनव्हीएमई (वेगवान जोडणी) आहे की साटा (जुनी, संथ जोडणी), आणि स्क्रूचं भोक 30 मिमीवर आहे का, हे तपासा. ते फक्त 80 मिमीवर असेल तर जोडपट्टी लागेल. ड्राइव्ह चिकटपट्टीने दाबून बसवली तर गरम झाल्यावर चिकटपट्टी सुटते आणि ड्राइव्ह मधेच गायब होते.