ममीचा कालप्रवास: इजिप्तच्या साहसकथांमागचा इतिहास

कालप्रवासाची कादंबरी इजिप्तमध्ये शिरली की तिचा साचा ठरलेला असतो. संग्रहालयातली ममी, तिच्या गळ्यातला ताईत, एक मंत्र, आणि पुढच्या पानावर नायक थेट फॅरोच्या दरबारात. हा सगळा मसाला एकोणिसाव्या शतकातल्या युरोपने तयार केला असं मानलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. थडग्यात घुसणारा साहसवीर, मेलेल्याशी सामना, मंत्रांचं पुस्तक आणि शेकडो वर्षांची उडी या चारही गोष्टी खुद्द इजिप्शियन लेखकांनी आधीच लिहून ठेवल्या होत्या.

त्यांचा नायकही खराखुरा माणूस. खाएमवासेत हा दुसऱ्या रामसेसचा चौथा मुलगा, इ.स.पू. तेराव्या शतकातला, मेम्फिसमधल्या प्ताह देवाचा मुख्य पुजारी. पडझड झालेल्या जुन्या पिरॅमिडांची त्याने दुरुस्ती करवली आणि मूळ राजाचं नाव त्यांवर पुन्हा कोरवलं. उनासचा पिरॅमिड तेव्हाच हजार वर्षांहून जुना होता. जुन्या थडग्यांत रमणारा राजपुत्र म्हटल्यावर दंतकथा जुळायला वेळ लागत नाही. हजारेक वर्षांनी डेमोटिक या उत्तरकालीन इजिप्शियन लिपीतल्या कथांत तो ‘सेटने’ या नावाने अवतरतो. विद्येचा देव थॉथ याने स्वतः लिहिलेलं मंत्रांचं पुस्तक मिळवायला तो नानेफरकाप्ताहच्या थडग्यात उतरतो. तिथला मृत मालक म्हणतो, पुस्तक हवं तर माझ्याशी पटावर डाव खेळ. सेटने तीन डाव हरतो, प्रत्येक हारीला जमिनीत आणखी खोल जातो आणि शेवटी कानापर्यंत गाडला जातो. मग भाऊ प्ताहचे ताईत आणून त्याला वर काढतो.

दुसरी कथा आपल्या विषयाच्या आणखी जवळची. पहिल्या शतकातल्या एका पपायरसवर ती आहे. सेटनेचा बारा वर्षांचा मुलगा सिओसिरे न उघडलेलं पत्र वाचून दाखवतो, परदेशी जादूगाराला हरवतो, आणि मग सांगतो की मी दीड हजार वर्षांपूर्वीचा मांत्रिक आहे. हा शत्रू परत येणार हे कळल्यावर परलोकाचा राजा ओसायरिस याची परवानगी काढून या काळात आलो. काम झाल्यावर तो दिसेनासा होतो. कालयंत्र नाही एवढंच. बाकी कथानक आजच्या संपादकानेही परत पाठवलं नसतं.

काळ उलटा फिरवण्याची कल्पना तर थडग्यांच्या भिंतींवरच आहे. तिसऱ्या थटमोसच्या थडग्यात ‘आमदुआत’ हा ग्रंथ संपूर्ण रंगवलेला आहे. त्यात सूर्यदेव रा रात्रीचे बारा तास पाताळातून नावेने जातो. बाराव्या तासाला ती नाव एका प्रचंड सापाच्या शेपटीतून आत ओढतात आणि तोंडातून बाहेर काढतात. आत शिरताना म्हातारे असलेले सगळे बाहेर येताना बालक होतात. कादंबरीकाराला आयतं कालद्वार हवं असेल तर याहून अस्सल दुसरं सापडणार नाही, पण वापरलेलं क्वचितच दिसतं.

ममीकडे वळलं की पहिला गैरसमज भेटतो तो हिंडणाऱ्या प्रेताचा. इजिप्शियन माणसाला आपलं शरीर उठून चालायला नकोच होतं. शरीर ही ‘बा’ या आत्मरूपाची परतायची जागा. ती ओळखता येईल अशी टिकली पाहिजे, इतकंच. त्यासाठीच सगळा खटाटोप. ‘नवं राज्य’ म्हणतात त्या काळातला (साधारण इ.स.पू. 1550 ते 1070) पूर्ण विधी 70 दिवसांचा. व्याध तारा वर्षातून जवळपास तितकेच दिवस आकाशातून नाहीसा असतो, त्याच्याशी हा आकडा जोडलेला आहे. त्यातले सुमारे 40 दिवस वाळवणीचे. आधी नाकपुडीतून आकडी घालून नाकामागचं पातळ हाड फोडायचं आणि मेंदू काढायचा. मग डाव्या कुशीत छोटा छेद घेऊन यकृत, फुप्फुसं, जठर आणि आतडी बाहेर. हृदय मात्र जागेवरच, कारण परलोकातल्या तराजूत तेच ठेवलं जाणार. काढलेल्या अवयवांवर होरसच्या चार पुत्रांचा पहारा: यकृतावर माणसाच्या तोंडाचा इमसेती, फुप्फुसांवर बबून माकडाच्या तोंडाचा हापी, जठरावर कोल्ह्याच्या तोंडाचा दुआमुतेफ, आतड्यांवर ससाण्याच्या तोंडाचा केबेहसेनुएफ.

वाळवणीचं द्रव्य नॅट्रॉन. कैरोच्या वायव्येला वादी नॅट्रूनच्या खाऱ्या तळ्यांकाठी ते आपोआप तयार होतं; धुण्याचा सोडा, खायचा सोडा, मीठ आणि सल्फेट यांचं नैसर्गिक मिश्रण. प्रेत नॅट्रॉनच्या पाण्यात भिजत ठेवतात असं जुन्या पुस्तकांत आणि अजूनही कित्येक कादंबऱ्यांत असतं. ते चूक. पाण्यात मांस सुटून येतं. कोरडी पूड शरीरातलं पाणी ओढून घेते. 1994 मध्ये अमेरिकेत बॉब ब्रायर आणि रॉन वेड यांनी देहदान केलेल्या एका माणसाच्या शरीरावर हीच रीत करून पाहिली. अडीचशे किलोहून जास्त नॅट्रॉन, गरम आणि कोरडी खोली, 35 दिवस. देह टिकला. तेव्हा एका माणसामागे पोत्यांनी माल लागतो. पात्राच्या हातात लहानशी बरणी देऊन भागत नाही.

काम बिघडायचंही. एकविसाव्या राजवंशात चेहरा जिवंतासारखा भरीव दिसावा म्हणून कातडीखाली भरण घालायची पद्धत आली. हेनुत्तावी राणीच्या गालांत ते इतकं ठासलं की पुढे चेहराच फाटला. तुतनखामूनवर तेल-राळेची इतकी बादल्यांनी ओतणी झाली की कापडं काळी ठिक्कर पडली आणि देह सोन्याच्या पेटीला चिकटला. थडगं शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरने 1925 मध्ये तो उन्हात ठेवून पाहिला, राळ वितळली नाही, शेवटी तुकडे करून काढावा लागला. याउलट दुसऱ्या रामसेसच्या नाकात मिऱ्यांचे दाणे सापडले. उंच नाक बसू नये म्हणून ठेवलेले. मिरी दक्षिण भारतातली. इ.स.पू. 1213 च्या सुमाराचा हा ऐवज म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या मसाल्याच्या व्यापाराचा पुरावाच.

ममीकाराच्या मांडवात ममीकरणाचा देव अनुबिस उभा असतो तोही माणूसच. जर्मनीत हिल्डेसहाइमच्या संग्रहालयात कोल्ह्याच्या तोंडाचा भाजक्या मातीचा मुखवटा आहे. तो डोक्यावरून खांद्यांपर्यंत येतो आणि घालणाऱ्याला दिसावं म्हणून खालच्या बाजूला दोन भोकं आहेत. बाजूचं काही दिसणार नाही; डेंडेराच्या देवळातल्या एका शिल्पात असा मुखवटेधारी पुजारी दुसऱ्याच्या आधाराने चालताना दाखवला आहे. देवाचा हात धरून नेणारा हा मदतनीस कादंबरीत का येत नाही, कोण जाणे.

आता चोर. साहसकथेला लागतं ते सारं नवव्या रामसेसच्या सोळाव्या वर्षी, इ.स.पू. 1110 च्या आसपास, थीब्ज या दक्षिणेतल्या मोठ्या शहरात घडलं, आणि त्याची सरकारी दप्तरं शिल्लक आहेत. नाईलच्या पूर्व काठाचा नगरप्रमुख पासेर याने तक्रार केली की पश्चिम काठावरची राजांची थडगी फुटताहेत. पश्चिमेचा प्रमुख पावेरा याच्यावर ती जबाबदारी होती. दोघांचं आधीपासून वाकडं. चौकशी झाली, आमेनपानुफेर नावाचा पाथरवट पकडला गेला आणि त्याने कबुली दिली. सोबेकेमसाफ राजाच्या थडग्यात ते आठजण शिरले. राजा आणि राणी दोघांच्या अंगावरचं सोनं, ताईत, दागिने काढले आणि पेट्या पेटवून दिल्या. वाटणीला प्रत्येकी 20 देबेन सोनं आलं, एकूण 160. एक देबेन सुमारे 91 ग्रॅमचा. म्हणजे साडेचौदा किलो. या चोरीनंतर तो पहिल्यांदा पकडला गेला होता तेव्हा आपला वाटा त्याने पेठेच्या कारकुनाला दिला आणि सुटला. साथीदारांनी त्याची तूट भरून काढली आणि सगळे पुन्हा कामाला लागले. या जबानीचा पपायरस दोन तुकड्यांत आहे. खालचा भाग न्यूयॉर्कला. वरचा भाग 1935 मध्ये ब्रुसेल्सला एका लाकडी पुतळ्याच्या पोकळीत सापडला.

चोऱ्या थांबेनात म्हणून पुढच्या दीडशे वर्षांत पुजाऱ्यांनी राजांना थडग्यांतून काढलं, नव्या कापडात गुंडाळलं आणि हलवत राहिले. दुसऱ्या रामसेसचा मुक्काम आधी बापाच्या, पहिल्या सेतीच्या थडग्यात आणि शेवटी देर अल-बहरीजवळच्या एका खोल विवरात. प्रत्येक हलवणुकीची नोंद शाईने पेटीवर आणि कापडावर आहे. जाता जाता पुजाऱ्यांनी सोनंही काढून घेतलं, ही गोष्ट वेगळी. ते विवर 1870 च्या दशकात कुर्ना गावच्या अब्द अल-रसूल घराण्याला सापडलं. लागेल तसा माल काढून विकायचा असा त्यांचा बेत, पण बाजारात राजांच्या नावाच्या वस्तू दिसू लागल्या आणि पुराणवस्तू खात्याचा गास्तों मास्परो सावध झाला. घरात भांडण लागून बातमी फुटली. 6 जुलै 1881 ला एमिल ब्रुग्श दोर धरून आत उतरला आणि समोर चाळीसहून अधिक पेट्या. लुटीच्या भीतीने त्याने दोनच दिवसांत सगळं बाहेर काढलं. कुठली पेटी कुठे होती याचा ना नकाशा ना फोटो, आणि त्या घाईची किंमत अभ्यासक अजून मोजताहेत. आगबोट राजांना घेऊन निघाली तेव्हा काठावरच्या बायका केस सोडून आक्रोश करत होत्या. 3 एप्रिल 2021 ला कैरोत मिरवणुकीने नव्या संग्रहालयात गेलेल्या 22 राजा-राण्यांपैकी बरेचसे याच विवरातले. नववा रामसेसही त्यांत होता.

युरोपात ममी आधी औषध म्हणून कुटून विकली गेली, मग चित्रकारांच्या तपकिरी रंगात गेली, आणि 1830 च्या दशकात लंडनला थॉमस पेटिग्रू नावाचा शल्यविशारद तिकीट लावून ममीच्या पट्ट्या सोडू लागला. 1834 मधल्या एका कार्यक्रमाला इतकी गर्दी झाली की कँटरबरीच्या आर्चबिशपनाही माघारी जावं लागलं. त्याआधी 1803 मध्ये आल्दिनीने फाशी दिलेल्या गुन्हेगाराच्या देहाला विजेचा प्रवाह देऊन त्याचा जबडा हलवून दाखवला होता. ममी आणि वीज हे दोन धागे जेन वेब या तरुणीने 1827 मध्ये एकत्र बांधले. तिच्या ‘द ममी!’ या कादंबरीत फॅरो खुफू विजेच्या बॅटरीने जागा होतो तो 2126 साली. म्हणजे जिवंत होणाऱ्या ममीची ही आद्य कादंबरीच भविष्यकाळातली आहे. एडगर अॅलन पो याच्या 1845 च्या कथेतली ममी तर सांगते की आमच्याकडे लोक मुद्दाम जिवंतपणी ममी करून घेत आणि काही शतकांनी उठून इतिहासकारांच्या चुका दुरुस्त करत. इथवर कालप्रवासी आहे तो ममीच. तिचा प्रवास एकाच दिशेने, पुढे.

दिशा उलटली ती कालयंत्राची कल्पना 1895 मध्ये रुळल्यावर. ई. नेस्बिट हिच्या 1906 च्या ‘द स्टोरी ऑफ द अॅम्युलेट’मध्ये मुलं ताइताच्या कमानीतून फॅरोंच्याही आधीच्या नाईलकाठी पोहोचतात. तिला माहिती पुरवत होते ब्रिटिश म्युझियमचे वॉलिस बज, आणि पुस्तक त्यांनाच अर्पण आहे. तुतनखामूनच्या थडग्याच्या शापाचं प्रकरण त्यानंतरचं आणि फुगवलेलं. त्या उत्खननाचा खर्च उचलणारा लॉर्ड कार्नार्व्हन 5 एप्रिल 1923 ला डास चावलेल्या जागी झालेल्या जंतुसंसर्गाने वारला. थडगं उघडणारा कार्टर 1939 पर्यंत जगला.

आज असं कथानक रचणाऱ्याचा पाय घसरतो तो तपशिलात. गिझाचे पिरॅमिड तुतनखामूनच्या बाराशे वर्षं आधीचे. दोन्ही नवे कोरे एकाच फ्रेममध्ये बसत नाहीत. पिरॅमिडांच्या काळात घोडा नाही, रथ नाही. उंटांचे तांडे तर फार पुढचे. नाणी नाहीत. शाही थडगी खोदणाऱ्या कारागिराला महिन्याला गहू चार खार आणि बार्ली दीड खार मिळे. खार म्हणजे सुमारे 77 लिटरचं पोतं. वस्तूचा भाव तांब्याच्या देबेनमध्ये ठरे आणि चुकता होई टोपल्या, कापड, शेळी यांत. सन नाही, राजाच्या राज्याचं वर्ष. आठवडा दहा दिवसांचा, महिने 30 दिवसांचे, आणि वर्षाअखेरचे पाच जादा दिवस ओसायरिस, होरस, सेट, आयसिस आणि नेफ्थिस यांच्या जन्माचे. त्यातला तिसरा, सेटचा दिवस अशुभ. कालद्वार उघडायला मुहूर्त हवा असेल तर तो हाच.

देवही सर्वकाळ तेच नव्हते. पिरॅमिडांच्या काळी आमून जवळपास अनोळखी; पुढे तो देवांचा राजा झाला आणि इ.स.पू. 1340 च्या आसपास अखेनातेनने त्याचं नाव भिंतींवरून खरवडून काढलं. सेट कधी राजांच्या नावात, कधी निव्वळ खलनायक. शिवाय देवळात शिरून देवाशी बोलता येत नसे. गाभाऱ्यात फक्त पुजारी. मूर्तीला रोज आंघोळ, कपडे, नैवेद्य. सामान्य माणसाची गाठ पडे ती उत्सवात, देव खांद्यावरच्या नावेतून बाहेर येई तेव्हा. समोर जाऊन प्रश्न विचारायचा. नाव पुढे सरकली तर होकार, मागे सरली तर नकार. देर अल-मदिना या कारागिरांच्या वस्तीत घराच्या मालकीपासून चोरीच्या आळापर्यंतचे वाद असे देवरूप मानलेल्या पहिल्या आमेनहोतेप राजापुढे सुटत. नाव वाहणारे मात्र त्याच वस्तीतले कारागीर, म्हणजे फिर्यादी आणि आरोपी या दोघांचेही शेजारी.