पोस्टकार्डावरचे चार आकडे

सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा बघत वाढलेल्या पोरांना ‘दोन घोड्यांचा बचाव’ ही डावाची सुरुवात लवकर भेटते आणि नावाने हमखास फसवते. बचाव कसला! काळा एक प्यादं सोडून देतो आणि पांढऱ्याच्या अंगावर धावून जातो. आजोबांच्या देशी डावात हे जमलंच नसतं. तिथे प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं, त्यामुळे फळी जुळेपर्यंत मारामारी नाही.

इटलीत मात्र सोळाव्या शतकाच्या अखेरीसच पोलेरिओ या खेळाडूने या सुरुवातीत चौथ्या चालीला पांढरा घोडा पुढे घुसवायचा विचार केला होता. काळ्या राजाशेजारी एक प्यादं असतं, त्याला फक्त राजाचा जोर. घोडा आणि उंट मिळून त्याच्यावर डोळा ठेवतात. पुढे जर्मन महारथी तारराशने ही चाल नवशिक्यांची म्हणून हिणवली, पण लोक खेळतच राहिले.

या बचावाचा सर्वांत गाजलेला डाव समोरासमोर नाही, पोस्टातून खेळला गेला. पत्रबुद्धिबळाची पाचवी जागतिक स्पर्धा, १९६५ ते १९६८. पांढरी मोहरी सोव्हिएत संघाच्या याकोव्ह एस्ट्रिनकडे, काळी अमेरिकेच्या हान्स बर्लिनरकडे. एस्ट्रिन म्हणजे याच सुरुवातीतला दर्दी. त्याला त्याच्याच अंगणात गाठायचं धाडस बर्लिनरने केलं.

पत्रबुद्धिबळात चाली आकड्यांत लिहितात. घोड्यासाठी आपण लिहितो तो ‘घो’ मॉस्कोत कोण वाचणार? राजासमोरचं पांढरं प्यादं दोन घरं पुढे म्हणजे ५२५४: पाचव्या उभ्या पट्टीतल्या दुसऱ्या घरातून त्याच पट्टीतल्या चौथ्या घरात. बर्लिनरची आठवी चाल होती ४८८४, वजीर थेट पटाच्या कडेला. दहावी ५५५४. पटावर मांडून बघा: त्या क्षणी काळ्याचा घोडा आणि उंट, दोन्ही पांढऱ्या प्याद्यांच्या तोंडात आहेत, आणि हा पठ्ठ्या शांतपणे प्यादं एक घर पुढे ढकलतो! एस्ट्रिनने घोडा मारला. दोन चालींत शह आला, काळ्या राजाला जागचं हलावं लागलं, किल्लेकोट करून राजाला कोपऱ्यात लपवायची संधी गेली. तरीही हल्ला थांबला नाही. घड्याळ लावून बसलेल्या माणसाला हे सुचलं तरी खेळायची छाती झाली नसती. पोस्टाने दिवसच्या दिवस दिले.

बेचाळिसाव्या चालीला बर्लिनर जिंकला. १६ डावांत १४ गुण, एकही हार नाही, आणि जगज्जेतेपद. नंतर तो संगणकाकडे वळला. १९७९ मध्ये त्याच्या प्रोग्रॅमने बॅकगॅमन या फाशांच्या पटखेळाच्या जगज्जेत्याला हरवलं. एस्ट्रिननेही सातव्या स्पर्धेत पत्रबुद्धिबळाचं जगज्जेतेपद मिळवलंच.