‘खालच्या कोर्टाने दिली, वरच्याने काढली’

सातारा किंवा सांगलीच्या सत्र न्यायालयाने खुनाच्या खटल्यात फाशी सुनावली की गावाला वाटते, प्रकरण मिटले. पुढे उच्च न्यायालयाने तिची जन्मठेप केली की पारावर एकच वाक्य ऐकू येते: ‘खालच्या कोर्टाने दिली, वरच्याने काढली.’ यात मुळातच एक गैरसमज आहे. सत्र न्यायालयाची फाशी ही पुरी झालेली शिक्षा नसते. उच्च न्यायालयाने ती कायम करेपर्यंत तिची अंमलबजावणी होत नाही. आरोपीने अपील केले नाही, तरी सगळे कागद वर पाठवावेच लागतात आणि किमान दोन न्यायमूर्ती पुरावा पहिल्यापासून तपासतात.

ही अट नवी नाही. 1861 च्या पहिल्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही ती होती. तेव्हा कागद सदर अदालतीकडे, म्हणजे उच्च न्यायालयाआधीच्या वरिष्ठ न्यायालयाकडे, जात. 14 ऑगस्ट 1862 रोजी मुंबई उच्च न्यायालय सुरू झाले आणि ते काम त्याच्याकडे आले. साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे यांची नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतरची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण तिथे आरोपीच गादीवर होता. त्या निकालावर दाद मागायला वर कोणी नव्हते आणि तो अमलात आणायलाही कोणी नव्हते.

खरा बदल झाला तो कारणे कोणी लिहायची, या प्रश्नावर. 1898 च्या संहितेनुसार खुनाच्या गुन्ह्यात फाशी न देणाऱ्या न्यायाधीशाला ती का दिली नाही, हे लिहावे लागे. म्हणजे फाशी हा नियम आणि जन्मठेप हा अपवाद. 1955 च्या दुरुस्तीने ही अट गेली. मग 1973 ची संहिता 1 एप्रिल 1974 पासून लागू झाली आणि पारडे पुरते फिरले. आता फाशी देणाऱ्यानेच ‘विशेष कारणे’ नोंदवायची. शिवाय दोषी ठरवल्यावर शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीचे म्हणणे वेगळे ऐकायचे. माझ्या मते सगळ्या विषयाची चावी इथे आहे. कारणे कागदावर आली, म्हणूनच वरच्या न्यायालयाला ती तपासता येऊ लागली.

मे 1980 मध्ये बचन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी चार विरुद्ध एक अशा मताने फाशी वैध ठरवली, पण ती फक्त ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणात. नुसता गुन्हा पाहायचा नाही, गुन्हेगारही पाहायचा: त्याचे वय, परिस्थिती, सुधारण्याची शक्यता. खालच्या निकालपत्रांत क्रौर्याचे वर्णन अनेकदा पानेच्या पाने असते आणि माणसाविषयी मात्र ‘आरोपी तरुण आहे, आईवडील वृद्ध आहेत’ एवढ्या दोन ओळी. अपिलात शिक्षा बदलते ती बऱ्याचदा या उणिवेमुळे. म्हणून 2022 मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तुरुंगातील वर्तन, मानसिक स्थिती, घरची पार्श्वभूमी ही माहिती सत्र न्यायालयातच गोळा करा.

फाशी गेली म्हणजे माणूस चौदा वर्षांत सुटतो, हेही खरे नाही. जन्मठेप म्हणजे उरलेले आयुष्य. 1978 पासून चौदा वर्षे ही अशा गंभीर गुन्ह्यांत प्रत्यक्ष तुरुंगात काढण्याची किमान मुदत आहे, त्यानंतरची सुटका हा हक्क नव्हे. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने आणखी एक मधला मार्ग मान्य केला: वीस, पंचवीस, तीस वर्षे किंवा मरेपर्यंत माफीशिवाय कैद. खुनाच्या खटल्यात फाशीऐवजी अशी शिक्षा फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयच देऊ शकते.

शिक्षा वाढवण्याचे गणित निराळे. ‘अपील केले तर जास्त लागेल’ या भीतीने काही कैदी गप्प बसतात. पण आरोपीच्याच अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. त्यासाठी सरकारने वेगळे अपील करावे लागते आणि तिथे आरोपीला सुटकाही मागता येते. बेद राज खटल्यात (1955) सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते, की आपण असतो तर जास्त दिली असती, एवढ्यावर खालच्या न्यायाधीशाच्या शिक्षेला हात लावायचा नाही.

आणि मयताचे घरचे? 2009 च्या दुरुस्तीने त्यांना अपिलाचा हक्क मिळाला, पण आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी दिली, तरच. शिक्षा कमी झाली म्हणून नाही. 1 जुलै 2024 पासून 1973 च्या संहितेच्या जागी नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, हे मात्र तसेच राहिले.

18 ऑगस्ट 2025 पासून सातारा आणि सांगलीची उच्च न्यायालयातील प्रकरणे मुंबईऐवजी त्याच न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे चालतात. वकिलांनी त्यासाठी कित्येक वर्षे आंदोलने केली. सांगलीहून पन्नासेक किलोमीटर. सकाळच्या एसटीने जाऊन, सुनावणी ऐकून दिवेलागणीला घरी परतता येते. शिक्षा वाढवून हवी असेल, तर अर्ज घेऊन जायचे ते अजून सरकारकडेच.